आमची वाटचाल : ‘बारकोड काढून द्या’ म्हणजे नेमकं काय द्यायचं

दुकानात रोज चार-पाच जण येऊन एकच वाक्य बोलतात, "मालक, बारकोड काढून द्या की." आणि मी रोज तेच विचारतो, नंबर पाहिजे, चित्र पाहिजे का स्टिकर पाहिजे? समोरचा जरा गोंधळतो. पण या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला आम्हाला स्वतःला दोन-अडीच वर्षं लागली, त्यात पैसे गेले, एक चांगला गिऱ्हाईक जाता जाता राहिला, म्हणून आता हे विचारल्याशिवाय आम्ही मशीनला हात लावत नाही.

धंदा मूळचा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. सांगलीत गावभागात १९७६ साली त्यांनी छपाईचं एक ट्रेडल मशीन टाकलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हळदीच्या अडत्यांच्या पावत्या असली कामं. मी शाळेतून आलो की खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, परत केसमध्ये टाकायला बसायचो. पुढे ऑफसेट आलं, मग डीटीपी आलं, आणि २००५ नंतर गावातली पत्रिकेची कामं झेरॉक्सवाल्यांकडे आणि मोठ्या प्रेसकडे वाटली जाऊन आमच्याकडे सीझन सोडला तर काही उरेना. २००९ ला पुण्याहून एक जुना लेबल प्रिंटर घेतला, चार इंची, थर्मल ट्रान्सफर, म्हणजे रिबनवरची शाई उष्णतेनं लेबलवर उतरवणारा. माझी मिसेस कॉम्प्युटर शिकलेली, तिनं सॉफ्टवेअर बघितलं, मी रोल आणि रिबन बघितली, आणि दारावर बोर्ड लावला, "येथे बारकोड करून मिळेल". तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की रेघा छापायच्या आणि खाली आकडे टाकायचे.

आमचा पहिला मोठा धडा हळदीचा. एक पॅकर आला, दोनशे ग्रॅमचे पाऊच करायचे होते, पुण्याच्या एका मॉलमध्ये माल लागणार होता. छपाई बाहेर होणार होती, आमच्याकडे फक्त डिझाइन. पाऊचला प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर लागतो आणि सिलिंडर म्हणजे खर्च, म्हणून पिवळा आणि कुंकवासारखा लाल एवढेच रंग धरले, काळा घेतलाच नाही. बारकोडही लाल, पिवळ्यावर. दिसायला फार सुंदर झाला होता, खरंच सांगतो. माल पुण्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी फोन, स्कॅन होत नाही, उतरवून घेणार नाही. आम्ही म्हणलं त्यांचं मशीन खराब असेल.

मशीन चांगलं होतं. स्कॅनर दुरुस्त करणारा एक ओळखीचा मुलगा होता, त्यानं काय केलं, गणपतीच्या डेकोरेशनचा लाल जिलेटीन कागद घेतला आणि पाऊचवर धरून मला म्हणाला, बघा आता. रेघा गायब. पिवळा नाही, लाल नाही, सगळं एकसारखं उजळ. साध्या स्कॅनरचा उजेड लाल असतो, लाल उजेडात लाल शाई आणि पांढरा कागद यात त्याला फरकच दिसत नाही. पिवळं, केशरी, लाल हे सगळं त्याला पांढरं. काळं, गडद निळं, गडद हिरवं हे त्याला काळं. म्हणजे पिवळ्या पाऊचवर काळ्या रेघा असत्या तर काम झालं असतं. चूक आमची होती. आम्ही पांढऱ्या कागदावर काळ्या बारकोडची सहा हजार लेबलं स्वखर्चानं छापली आणि मी, मिसेस, अण्णा, आई, शेजारची दोन मुलं अशी सगळ्यांनी बसून तीन रात्री एकेक पाऊचवर चिकटवली. तो जिलेटीनचा तुकडा अजून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे. कोणी तपकिरी नाहीतर केशरी बारकोडचं डिझाइन घेऊन आलं की मी काही बोलत नाही, तो कागद त्याच्या हातात देतो.

त्यानंतर मिसेसनं ठरवलं की हे नीट शिकायचं. वाचायला लागलो तेव्हा कळलं की ही कल्पना वूडलँड नावाच्या अमेरिकन माणसाला मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर सुचली, मोर्स कोडचे ठिपके आणि डॅश त्यानं बोटांनी वाळूत खाली ओढले आणि त्याच्या बारीक-जाड रेघा झाल्या. त्यानं आणि त्याच्या सिल्व्हर नावाच्या साथीदारानं १९५२ ला पेटंट मिळवलं, पण दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली २६ जून १९७४ ला, ओहायोतल्या ट्रॉय गावात, च्युइंगमचं पाकीट, किंमत ६७ सेंट. म्हणजे अण्णांनी ट्रेडल टाकायच्या फक्त दोन वर्षं आधी. हे ऐकून अण्णा खूश झाले होते.

आता ते तीन शब्द सांगतो.

नंबर म्हणजे तुमच्या वस्तूची ओळख, त्याला जीटीआयएन म्हणतात. किराणा मालावर जो १३ आकडी असतो त्याची सुरुवात आपल्याकडे बहुतेक ८९० ने होते, आणि लोकांना वाटतं ८९० म्हणजे भारतात बनलेला माल. तसं नाहीये. ८९० म्हणजे कंपनीनं नंबर जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतलाय एवढंच, माल कुठेही बनलेला असू शकतो. पुस्तकाला ९७८ असतो, आणि २० ते २९ हे दुकानाच्या आतल्या वापरासाठी, म्हणजे मॉलमध्ये भाजी वजन करून जे लेबल लावतात ते. शेवटचा आकडा मनानं टाकायचा नसतो, तो हिशोबानं येतो. समजा ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे आहेत. डावीकडून एक सोडून एक धरा, ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. मधले राहिलेले ९, १, ३, ५, ७, ९, बेरीज ३४, त्याला तीननं गुणा, १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पटीला जायला किती कमी पडतात? शून्य. म्हणून तेरावा आकडा ०. हे गणित अण्णा पावतीच्या पाठीमागे पेन्सिलनं करायचे आणि कॉम्प्युटरशी ताडून बघायचे.

आणि एक, लोकांना वाटतं बारकोडमध्ये किंमत असते. किराण्याच्या या बारकोडात किंमत नसते, नाव नसतं, फक्त नंबर असतो. किंमत दुकानदाराच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असते. म्हणून दुकानदारानं विक्रीची किंमत बदलली म्हणून बारकोड बदलायची गरज नाही, पण दोनशे ग्रॅमचं पाचशे ग्रॅम केलंत तर नवा नंबर लागतो. नेटवरून ८९० ने सुरू होणारा कुठलाही नंबर उचलून चित्र बनवून देणाऱ्या साइट आहेत, आमच्याकडे पण लोक असलं चित्र घेऊन येतात. आम्ही छापत नाही. तो नंबर दुसऱ्या कोणाच्या बिस्किटाचा निघाला तर काउंटरवर तुमच्या चटणीचं बिल बिस्किटाच्या नावानं होणार, आणि मोठी दुकानं नंबर कोणाच्या नावावर आहे ते तपासतात. स्वतःच्या दुकानात स्वतःपुरता वापरायचा असेल तर मात्र खुशाल स्वतःचा नंबर बनवा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा शब्द चित्र, म्हणजे सिम्बॉल. तोच नंबर वेगवेगळ्या पद्धतीनं रेघांत लिहिता येतो. किराण्याला ईएएन-१३, बाहेरच्या बॉक्सला आयटीएफ-१४, कारखान्यात आणि लॅबमध्ये कोड १२८ कारण त्यात अक्षरंही बसतात. जुन्या लायब्रऱ्यांत अजून कोड ३९ दिसतो. ईएएन-१३ मध्ये सगळी मिळून ९५ बारीक घरं असतात, घर काळं नाहीतर पांढरं, आणि पहिला सोडून प्रत्येक आकड्याला सात घरं. पांढरी पट्टीसुद्धा काळ्या रेघेइतकीच वाचली जाते. डिझायनर लोकांना हे पटवायला मला फार वेळ लागतो, पण अण्णांना एका मिनिटात कळलं, कारण खिळ्यांच्या छपाईत शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाचीच असते, ती मोजून बसवावी लागते. तसंच बारकोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा. फुल साइजला, म्हणजे १०० टक्के आकाराला, डावीकडे साधारण साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त आणि उजवीकडे सव्वादोनहून थोडी जास्त लागते. तिथे लोक चौकट काढतात, फूल काढतात, आणि मग स्कॅनरला सुरुवात कुठे आहे तेच कळत नाही.

प्रिंटरमध्ये पण एक गोम आहे जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आमचा पहिला प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे एका मिलिमीटरला आठ ठिपके, एक ठिपका ०.१२५ मिलिमीटर. ईएएनची सगळ्यात बारीक रेघ फुल साइजला ०.३३ मिलिमीटर. आता अडीच-पावणेतीन ठिपके छापता येत नाहीत, दोन नाहीतर तीन. फोटोसारखं ओढून-ताणून बारकोड बसवला की प्रिंटर काही रेघा दोन ठिपक्यांच्या करतो आणि काही तीनच्या, आणि डोळ्याला काहीच दिसत नाही पण स्कॅनर अडतो. सगळ्या दोनच्या केल्या तर साइज ७६ टक्के होते, आणि ८० च्या खाली जायचं नाही असा नियम आहे. म्हणून त्या मशीनवर तीन ठिपके, साधारण ११४ टक्के, हाच योग्य आकार. गिऱ्हाईक "जरा बारीक करा की, लेबलवर जागा नाही" म्हणतो तेव्हा माझं उत्तर यामुळे ठाम असतं. २०१४ ला ३०० डीपीआयचं मशीन घेतलं, त्याच्यावर चार ठिपक्यांत जवळजवळ बरोब्बर साइज येते.

तिसरा शब्द स्टिकर, आणि इथे आमचं खरं पोट भरतं. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याला आम्ही आधी साधा क्रोमो, म्हणजे गुळगुळीत कागद, आणि वॅक्स, म्हणजे मेणासारख्या शाईची रिबन दिली, तेलकट हात लागले की छपाई निघून यायची. मग पॉलिस्टर लेबल आणि रेझिन, म्हणजे राळेसारख्या शाईची रिबन दिली, नखानं खरवडली तरी जात नाही. बेदाण्याच्या बॉक्सला क्रोमो आणि वॅक्स भरपूर झालं, तिथे रेझिन विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं. रिबनशिवाय छापणारा डायरेक्ट थर्मल स्वस्त पडतो, कुरिअरला चांगला, पण लोणच्याच्या बरणीवर लावून शोकेसला उन्हात ठेवलात तर काही महिन्यांत वाचता येणार नाही.

मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम मला सगळ्यात जवळचं. रक्ताची ट्यूब १३ मिलिमीटर जाडीची, बोटापेक्षा बारीक. आधी त्यांची लेबलं अशी लागायची की रेघा ट्यूबच्या गोलाईवर वळून मागे जायच्या, मशीनला अर्धाच कोड दिसायचा, आणि मग तिथल्या ताई नंबर हातानं टाइप करायच्या. एक आकडा चुकला तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला. आम्ही फक्त कोड आडवा फिरवला, म्हणजे रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या ट्यूबवर एकावर एक. ट्यूब कितीही गोल असू दे, प्रत्येक पायरीचा मधला भाग समोरच राहतो. खर्च काही वाढला नाही. त्या ताईंनी नंतर फोन करून सांगितलं की आता संध्याकाळी वेळेवर घरी जाता येतं, त्या फोनचा आनंद मला मोठ्या ऑर्डरपेक्षा जास्त झाला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराबद्दल फार लिहवत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभाग बुडाला. दोन्ही प्रिंटर आणि कॉम्प्युटर आम्ही वरच्या मजल्यावर नेले, पण लेबलचे रोल खाली राहिले, पाणी पिऊन फुगून एकमेकांना चिकटले, सगळे टाकून द्यावे लागले. अण्णांचं ट्रेडल उचलण्यासारखं नव्हतंच. पाणी ओसरल्यावर पहिला फोन त्या हळदवाल्यांचा आला, लेबल कधी देताय म्हणून नाही, रोल घ्यायला पैसे पाहिजेत का म्हणून.

आता सगळे क्यूआर मागतात. क्यूआर जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीनं १९९४ ला गाड्यांच्या पार्टसाठी काढला, आपल्याकडे युपीआयमुळे घरोघरी पोचला. औषधांच्या ३०० ब्रँडना १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला, आणि २०२७ च्या अखेरीपर्यंत दुकानातल्या काउंटरवर असे चौकोनी कोड वाचता यावेत असं जीएस१ चं उद्दिष्ट आहे. पण म्हणून आज पाऊचवरचा रेघांचा बारकोड काढून टाकू नका. गावोगावच्या दुकानांत अजून लेझर स्कॅनर आहेत आणि लेझरला क्यूआर वाचता येत नाही. नवा स्कॅनर घेणार असाल तर मात्र इमेजर, म्हणजे कॅमेऱ्यासारखा चित्र टिपणारा स्कॅनर घ्या, थोडे पैसे जास्त जातील पण तो दोन्ही वाचतो.

यादी पाठवणाऱ्यांना एक विनंती. एक्सेलमध्ये १३ आकडी नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करा, नाहीतर तो ८.९ई+१२ असं काहीतरी दाखवतो, आणि लॅबवाल्यांचे सुरुवातीचे शून्य उडून जातात. आमच्याकडे मागच्या महिन्यात अशा दोन याद्या आल्या, मिसेसनं दोन्ही वेळा फोन करून नंबर एकेक तोंडी ताडून घेतले, मगच रोल लावला.

आणि येताना मोबाइलवरचा फोटो नको, वस्तू घेऊन या. बरणी, पाऊच, ट्यूब, जे असेल ते. दहा लेबलं फुकट छापून देतो, ती चिकटवा, फ्रिजमध्ये ठेवा, तेल लावा, उन्हात ठेवा, आठवड्यानं परत आणा, आपण सोबतच स्कॅन करून बघू.