धनुष्कोडी: टोकाला जाण्याआधी जुन्या गावात उतरा

रामेश्वराचं दर्शन झालं की बहुतेक यात्रेकरू रिक्षा करून थेट अरिचलमुनै, म्हणजे रस्ता जिथे संपतो ते धनुष्कोडीचं टोक गाठतात, अशोकस्तंभापाशी फोटो काढतात आणि लगेच मागे फिरतात. माझी कळकळीची विनंती आहे, चार-पाच किलोमीटर अलीकडे जुन्या धनुष्कोडीत उतरा. खरा वेळ तिथे द्या.

रस्ता वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो. डावीकडे पाल्कच्या उपसागराचं उथळ पाणी, उजवीकडे मन्नारच्या आखाताच्या लाटा. एवढ्याशा पट्टीवर कधीकाळी स्टेशन, पोस्ट, शाळा, चर्च असं नांदतं गाव होतं. मद्रासहून आलेली बोट मेल ही रेल्वेगाडी इथे थांबायची आणि प्रवासी आगबोटीने सिलोनमधल्या (आताच्या श्रीलंकेतल्या) तलैमन्नारला जायचे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात समुद्र गावावर चालून आला. रामेश्वर बेटावरच्याच पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी लाटांनी गिळली. आत शंभरावर माणसं होती. नंतर सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं. रूळ पुन्हा पडले नाहीत.

चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या आहेत. जवळून पाहिलं तर प्रवाळाची नक्षी स्पष्ट दिसते. छप्पर कधीच गेलंय, खारा वारा भिंतीही पोखरतोय. त्यांवर चढू नका, तुकडे उचलू नका. इथे माणसं गेली आहेत, एवढं भान ठेवून फिरा.

मला सगळ्यात थक्क केलं ते गोड्या पाण्याने. कोळ्यांची काही कुटुंबं अजून इथे राहतात आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाळूत खड्डा खणून पिण्याचं पाणी काढतात. पावसाचं पाणी हलकं असल्याने जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं.

सकाळी लवकर निघा. सावली जवळपास नाहीच, त्यामुळे टोपी आणि भरपूर पाणी हवंच. रामेश्वरहून सरकारी बस जाते. रिक्षा केलीत तर जुन्या गावात किती वेळ थांबायचं ते आधीच ठरवून घ्या. संध्याकाळी वाटेवरच्या तपासणी नाक्यावरून गाड्या आत सोडत नाहीत, म्हणून सूर्यास्ताच्या भरवशावर उशिरा जाऊ नका. पोहायला मात्र अजिबात उतरू नका, प्रवाह फार ओढतात. ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांचे महिने, तेव्हा हवामानाचा अंदाज बघूनच बेत करा. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर वाटेवरच्या कोदंडराम मंदिराजवळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसू शकतात. दुर्बीण असेल तर जरूर न्या.