फरशी पुसल्याचा वास

शुक्रवार, रात्रीचे पावणेअकरा

मनू झोपला. साडेनवालाच. हे लिहून ठेवायलाच हवं, कारण महिन्यापूर्वी हाच मुलगा साडेअकराला पलंगावर उभा राहून मेट्रोचे खांब मोजत होता. आमची खिडकी घोडबंदर रोडवर उघडते. रात्र चढली की ट्रेलर सुटतात, ब्रेक लागला की पत्रा फाटल्यासारखा आवाज येतो. आपल्या अंगवळणी पडलंय, चार वर्षांच्या पोराच्या कसं पडणार?

झोपेसाठी लॅव्हेंडरच्या तेलाचं खूळ माझंच. मैत्रिणीने डिफ्यूझर (पाण्यातून तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र) दिला, मी तेलाची १० मिलीची बाटली मागवली आणि पहिल्याच रात्री एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून पाण्यात चांगले ८ थेंब घातले. (एवढ्याशा बाटलीत काय जीव असणार, असं वाटलं होतं.) मनू आत आला, नाक मुरडून म्हणाला, "आई, आत्ता कोणी फरशी पुसली?" मग ३ शिंका. माझंही डोकं धरलं.

चूक त्याची नाही. आमच्याकडे लादी पुसायचं जांभळं लिक्विड त्याच वासाचं आहे. लॅव्हेंडरचं फूल त्याने कधी पाहिलेलं नाही. मी तरी कुठे पाहिलंय, फोटो सोडून!

खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा हळूच विचारलं. ते म्हणाले, हवंच असेल तर २ थेंब, अर्धा तास, दार उघडं, आणि तो झोपायच्या आत बंद. अंगाला लावायचं तर १० मिली खोबरेलात २ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, त्याच्या वर नको. अंघोळीच्या पाण्यात थेट तर नाहीच, कारण हे तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि तसंच्या तसं कातडीला लागतं. पेपरमिंट, निलगिरी, कापूर लहानांच्या नाकापासून लांब. कापूर पोटात गेला तर आकडी येऊ शकते.

घरी आल्याबरोबर लॅव्हेंडरची बाटली आणि सासूबाईंची कापराची डबी, दोन्ही वरच्या फळीवर. "आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?" वाढवली ना. शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी देऊन वाढवली. तो धूरही मला नको आहे, हे मी अजून बोललेले नाही. आठवड्याला एकच भांडण परवडतं.

वाळा मात्र त्यांचाच. माठात टाकायला जांभळी नाक्यावरून जुडी आणली होती. मी त्यांना सांगत होते की अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द गाटफोसे नावाच्या एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली आपल्या पुस्तकाला दिला. त्या म्हणाल्या, "त्याच्या आधी माठात वाळा कोण टाकत होतं?" तेवढ्यात मनूने ओली जुडी पळवली आणि नाकाला लावून बसला.

"कसला वास येतो रे?"

"मातीचा." पुन्हा हुंगलं. "पावसाचा." पुन्हा. "गाडीखालच्या मांजराचा."

आणि मी बघतच राहिले. "मोठा श्वास घे" म्हटलं की हा गाल फुगवतो, छाती काढतो, पहिलवान होतो. "ओळख बघू" म्हटलं तर डोळे मिटून नाकाने लांब, सावकाश श्वास घेत होता. तोही न सांगता, तीनदा. बाकीची इंद्रियं आधी थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या चौकीवर थांबतात, वास मात्र तिथे न थांबता मेंदूतल्या भावना-आठवणींच्या भागात पोचतो, असं वाचलं होतं. तेही असेलच. पण मला विचाराल तर निम्मं काम त्या लांब श्वासाचं.

तेव्हापासून नऊला मोठा दिवा बंद, वाळ्यावर पाणी शिंपडायचं, आणि तीन वास ओळखायचे. चौथा मागितला तरी नाही. परवा एक उत्तर "बाबांच्या हेल्मेटचा" असं आलं. बाबांना ते आवडलं नाही.

आज पहिला विहिरीचा. दुसरा आजीच्या कपाटाचा. तिसऱ्याला उत्तरच आलं नाही. बाहेर ट्रेलर गेला, मी घाबरून बघितलं, तर कूसही बदलली नाही.

जुडी उशीवरच राहिली. अभ्रा ओला झालाय, उद्या धुवायला टाकायला हवा.