डब्याच्या पिशवीतला बॅकअप

सायबर जोखमीचा सल्लागार म्हणजे दिवसभर एक्सेलमध्ये रकाने भरणारा, मोठ्या जोखमीला लाल रंग देणारा माणूस. उरलेला वेळ "सर, लाल रंग जरा कमी होईल का? परवा बोर्डाची मीटिंग आहे" हे ऐकण्यात जातो.

तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी बँक. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या अखेरीस अशा बँकांसाठी सायबर सुरक्षेच्या चार पातळ्या आखून दिल्या. इथलं रिस्क रजिस्टर, म्हणजे जोखमींची यादी, मात्र गेल्या वर्षीचंच, तारीख तेवढी बदललेली. संगणकांच्या नोंदी (लॉग) १८० दिवस ठेवा, सायबर घटना ६ तासांत कळवा, असं सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये बजावलंय, त्यापुढे 'होय'. ऑफसाइट, म्हणजे इमारतीबाहेर ठेवलेला, बॅकअप? 'होय'.

"कुठे असतो?" मी विचारलं.

क्लार्क अण्णा उठले आणि डब्याची पिशवी घेऊन आले. पोळ्यांच्या डब्याखाली नॅपकिनात गुंडाळलेली हार्ड डिस्क. कडेला दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू अजून चिकटलेलं. रोज दिवसाचा हिशेब बंद, म्हणजे डे-एंड, झाला की डेटाबेस तिच्यावर घ्यायचा, घरी न्यायचा, कपाटात ठेवायचा. ११ वर्षं. एन्क्रिप्शन नाही, नोंदवही नाही. सगळ्या खातेदारांची केवायसी रोज सायकलवरून गावभर फिरत होती. माझ्या पोटात गोळाच आला.

"तो जुना प्रकार हो," आयटी अधिकारी म्हणाले. "आता क्लाउड आहे. रोज सक्सेसफुलचा मेल येतो."

मला एक खोड आहे. मेल मी पुरावा धरत नाही, रिस्टोअर करून दाखवा म्हणतो. वेगळ्या मशीनवर प्रत उतरवायला साडेतीन तास गेले. लॉगिन झालं. शेवटचा व्यवहार ९ मार्चचा, आणि आम्ही बसलो होतो ऑगस्टमध्ये! मार्चमध्ये जागा पुरेना म्हणून व्हेंडरने डेटाबेस दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला, जुनी फाइल तिथेच राहिली. बॅकअपचा आपोआप चालणारा जॉब पाच महिने इमानेइतबारे तिचीच प्रत काढत होता. फाइल सापडते, कॉपी होते, म्हणून सक्सेसफुल. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

मग अण्णांची डिस्क लावली. कालच्या डे-एंडपर्यंत सगळं होतं. ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला.

अहवालात डिस्कपुढे मी 'उच्च जोखीम' लिहिलं. ते लिहायलाच हवं होतं. क्लाउडपुढेही 'उच्च'च लिहिलं होतं, पण व्हेंडरने त्याच संध्याकाळी जॉब दुरुस्त केल्याचं कळवलं आणि आमच्या मॅनेजरने "झालंय ना आता" म्हणत त्याचं 'मध्यम' केलं. सही माझीच आहे. अण्णांना मेमो मिळाला. व्हेंडरला कसला मेमो! डिस्क स्ट्राँगरूममध्ये गेली, म्हणजे त्याच इमारतीत.

परवा अण्णांचा फोन आला.

"साहेब, रात्रीत बँकेला आग लागली तर?"

"क्लाउड आहे की आता. मेल येतो ना रोज?"

"मेल काय साहेब, तो तेव्हाही यायचा."