सी ड्राइव्ह वाढवणे: डी मोकळा केला, रिकव्हरी उजवीकडे सरकवली

डिस्क १ टीबी, हार्ड डिस्क, जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची पद्धत), विंडोज ११. डावीकडून क्रम: ईएफआय (बूटच्या फाइल्स) १०० एमबी, एमएसआर (विंडोजने राखून ठेवलेली जागा; विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये हे दिसत नाही) १६ एमबी, सी १५० जीबी, रिकव्हरी (विंडोज दुरुस्तीची साधनं) ६०० एमबी, डी ३८० जीबी, ई ४०० जीबी. सी गच्च भरलेला. डीमध्ये १४० जीबी डेटा, ईमध्ये त्याहून जास्त जागा मोकळी.

डी आणि ई एकत्र करून मग सी वाढवू, असं सगळ्यांनाच आधी सुचतं. पण ई डावीकडे वाढवायचा तर त्याची सुरुवात सरकते, म्हणजे आतला सगळा डेटा उचलून मागे लिहावा लागतो. हार्ड डिस्कवर याला तासन्‌तास जातात आणि मध्येच वीज गेली तर पार्टिशन हातचं जातं. पार्टिशन उजवीकडे वाढवणं मात्र काही सेकंदांचं काम. म्हणून ईला हात लावलेला नाही; डीची जागा पूर्ण सीला.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी५ ही नोंद (पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग) शून्य आहे ना ते पाहावं. नसेल तर पार्टिशनचा विषय बाजूला ठेवून डेटा दुसऱ्या डिस्कवर काढावा. डिस्क ठणठणीत असली तरी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

डीचा डेटा रोबोकॉपी या विंडोजच्या कमांडने ईमधल्या फोल्डरमध्ये. इथे एक खोच आहे: ड्राइव्हच्या रूटपासून कॉपी केली की नवा फोल्डर हिडन आणि सिस्टिम होतो, आणि कॉपी झालीच नाही असं वाटतं. ॲट्रिब कमांडने दोन्ही खुणा काढल्या की फोल्डर दिसतो. डॉक्युमेंट्सचं लोकेशन, स्टीमची (गेम्सची) लायब्ररी, पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर विंडोज वापरते ती फाइल) यांपैकी काही डीवर असेल तर आधी हलवावं. पेजफाइल तिथे असताना विंडोज डी पुसू देत नाही.

डी डिलीट केला तरी सीवर राइट क्लिक केल्यावर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ राखाडीच. कारण सीला उजवीकडून चिकटलेली जागाच जोडता येते आणि मधे रिकव्हरी आडवी आहे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी /डिसेबल’ (reagentc /disable) दिलं की विनआरईची, म्हणजे विंडोजच्या दुरुस्ती यंत्रणेची, फाइल सीवर परत येते. मग फास्ट स्टार्टअप (यात विंडोज पूर्ण बंद होत नाही) बंद करून पूर्ण शटडाउन, आणि पेनड्राइव्हवरून जीपार्टेड लाइव्ह (विंडोजबाहेरून पार्टिशन बदलायचं साधन) सुरू. रिकव्हरी निवडायची, ‘रिसाइज/मूव्ह’, ठोकळा ओढून ईला भिडवायचा, ‘अप्लाय’. ६०० एमबीच हलायचे असल्याने लगेच होतं. सीची सुरुवात जागच्या जागी राहते, त्यामुळे बूटला धक्का लागत नाही.

सी वाढवायचा तो विंडोजमध्ये येऊनच. बिटलॉकर असलेलं पार्टिशन जीपार्टेड वाढवू शकत नाही. डिस्क मॅनेजमेंट कुठेही ‘डायनॅमिक डिस्क’ करू का असं विचारायला लागलं तर ‘नो’. त्याचा अर्थ जागा चिकटलेली नाही, क्रम पुन्हा तपासावा.

आताची स्थिती: सी ५३० जीबी, मग रिकव्हरी, मग ई ४०० जीबी जसाच्या तसा. शेवटी ‘रीएजंटसी /एनेबल’, आणि ‘रीएजंटसी /इन्फो’मध्ये स्टेटस ‘एनेबल्ड’ आहे व लोकेशन रिकव्हरीच्याच पार्टिशनचं दाखवतंय का, हे दोन्ही पाहावं.