सायकलच्या चाकाखाली सोलर

नेदरलँड्समधल्या क्रॉमनी गावात २०१४ साली सायकलमार्गातच सोलर पॅनेलं बसवली होती. आमच्या दापोलीच्या सायकलवाल्यांत परवा चहावर तोच विषय निघाला, 'आपल्याकडे का नको?'

कल्पना झकास आहे. वेगळी जमीन लागत नाही, कुणाची कलमं तोडावी लागत नाहीत. शिवाय पॅनेल आडवं ठेवण्याचा तोटा आपल्याला कमी. क्रॉमनी ५२ अक्षांशावर, आपण १७-१८ वर. सूर्य बराच डोक्यावर असतो.

पण माझ्या छतावरची पॅनेलं मीच धुतो. चांगला उतार असूनही खालच्या कडेला जांभ्याची लाल धूळ चिकटून बसते, आणि पावसात तिथेच हिरवट बुळबुळीत थर धरतो. हेच जमिनीवर, सपाट, आणि त्यावरून सायकल? कंबरडंच मोडायचं! म्हणून काचेवर खरबरीत लेप देतात. क्रॉमनीत तो पहिल्याच हिवाळ्यात एका ठिकाणी सुटला. त्यात पॅनेल तापलं की वीज घटते, आणि जमिनीत बसवलेल्याला खालून वारा कुठला?

हैदराबादने २०२३ मध्ये २३ किलोमीटरच्या सायकल ट्रॅकवर पॅनेलांचं छप्परच घातलं. हे मला पटतं. वैशाखात सावली, आषाढात आडोसा. फक्त खांबांना खारा वारा सोसला पाहिजे, आणि पाया भक्कम हवा. २०२० च्या निसर्ग वादळात इथले पत्रे कुठल्या कुठे गेले, ते आम्ही पाहिलंय.