आवाज झाला की आला?

वैशाखातली दुपार, अडीचचा सुमार. जळगावकडे पारा ४५ अंशांना टेकलेला, दारं-खिडक्या ओढून घेतलेल्या, आणि लाइट जाते. कूलरचा पंखा गरगरत मंदावतो, थांबतो. तेव्हा कुठे कळतं, इतका वेळ घरात केवढा आवाज चालला होता! पंख्याची घरघर, गवतावरून टाकीत ठिबकणारं पाणी, एका स्क्रूवर लोंबणाऱ्या जाळीची थरथर. खोलीत चार माणसं होती, म्हणजे आठ कान. पण तीन तास कुणालाच काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते आवाजाचं थांबणं.

एवढ्याशा गोष्टीसाठी तत्त्वज्ञांना जंगल लागतं. निर्मनुष्य बेटावर झाड पडलं तर आवाज होईल का, हा प्रश्न एका अमेरिकी मासिकात जून १८८३ मध्ये छापून आला. खाली उत्तरही होतं: नाही, कारण आवाज म्हणजे कानात उठणारी संवेदना. विषय संपला. पण दोनच महिन्यांनी, २७ ऑगस्टला, क्राकाटोआ नावाचं ज्वालामुखीचं बेट फुटलं. तो धमाका ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर तोफेसारखा ऐकू गेला. त्यापुढे कुणाच्या कानाला काही लागलं नाही, पण हवेच्या दाबाची ती लाट पृथ्वीला वळसे घालत राहिली आणि जगभरचे वायुभारमापक ती पुन्हा पुन्हा नोंदवत राहिले. मासिकाने त्यावर खुलासा छापायला हरकत नव्हती.

आपल्याला इतकं लांब जायला नको. रावेर-यावलकडची केळीची बाग पुरे. केळीच्या खोडात लाकूड नसतंच, एकावर एक गुंडाळलेली पाणीदार सोपटं असतात. मुळं वरवरची, डोक्यावर वीस-पंचवीस किलोचा घड. मेअखेरच्या वावटळीत ती मध्यातच मोडते. त्यामुळे कडकडाट वगैरे काही नाही. आधी पानांची फडफड, मग सोपटांचा कचका, मग घड भद्दकन जमिनीवर. पाच बाय पाच फुटांवर लावलेली असल्याने पडता पडता शेजारणीलाही ओढते. घरात झोपलेल्याला ऐकू येतात ते फक्त वाऱ्याने वाजणारे पत्रे. सकाळी बाग आडवी दिसते. पंचनाम्यात आवाजाचा रकाना नसतो.

मोटरीचं मात्र तसं नाही. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की विहिरीवरचा ऑटो स्टार्टर खट्टकन ओढतो आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर सुरू होते. शेतकरी घरी, गाढ झोपेत. तिन्ही फेज असले तर मोटर एका सुरात गाते. पाइपात आधी हवा फुरफुरते, मग पाणी येतं. पण ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरचा एक फ्यूज उडालेला असेल आणि एक फेज गेला की मोटर बंद पाडणारा प्रिव्हेंटर नसेल (किंवा ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून कुणी काढून ठेवला असेल), तर दोनच फेजवर मोटर फिरत नाही, जागच्या जागी हुंकारते. वीज ५० हर्ट्झची, पण चुंबकाची ओढ प्रत्येक आवर्तनात दोनदा. म्हणून तो हुंकार १०० हर्ट्झचा. आडवं पडलेलं रेडं घोरावं तसा. तेवढ्या वेळात करंट नेहमीच्या कितीतरी पट वाढतो, वाइंडिंगचं वार्निश जळायला लागतं, आणि काही मिनिटांत खेळ संपतो. बांधावर कुणी असता तर त्या आवाजासरशी धावून बटण दाबलं असतं. जाणता माणूस दोन शेतं पलीकडून ओळखतो की ही मोटर दोन फेजवर आहे. पण बांधावर कुणी नव्हतं. हुंकार झाला नाही असं रिवाइंडिंगवाल्याला सांगून बघा.

म्हणजे धोका होता, इशारा नव्हता? इथे मराठी कामाला येते. आपण ‘आवाज झाला’ म्हणतो आणि ‘आवाज आला’ही म्हणतो, आणि दोन्हींची कधी गल्लत करत नाही. फोनवर ‘हॅलो, आवाज येतोय का?’ असंच विचारतात. ‘आवाज होतोय का?’ असं विचारणारा अजून जन्मायचा आहे. अहिराणीतही फटाका फुटला की आवाज ‘व्हयना’, आपल्यापर्यंत पोचला की ‘उना’. होणं वस्तूचं, येणं कुणाकडे तरी. त्या अमेरिकी मासिकाला हे दोन शब्द मिळाले असते तर पान वाचलं असतं.

जुन्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, हे आणखी बारकाईने पाहिलं होतं. ‘तर्कसंग्रहा’त अन्नंभट्ट व्याख्या करतात: श्रोत्रग्राह्यो गुणः शब्दः. कानाने घेता येण्याजोगा गुण तो शब्द, म्हणजे आवाज. ग्राह्य म्हटलंय, गृहीत नाही. घेता येण्याजोगा असला की झालं, घेतलाच पाहिजे असं नाही. तो पसरतो कसा, याला त्यांच्याकडे दोन उपमा होत्या. एक तळ्यातल्या लाटांची, दुसरी कदंबाच्या गेंदाची. तळ्याची उपमा शाळेत शिकवतात, पण ती सपाट आहे. कदंबाचा गेंद एकदम चहूअंगांनी फुलतो, वरही आणि खालीही. आवाज असाच पसरतो. उपमा निवडायची तर कदंबाचीच निवडावी.

वरच्या दिशेचं महत्त्व खानदेशातल्या दुपारीच कळतं. हवेत आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४५ अंशांना ३५७च्या आसपास. उन्हात जमिनीलगतची हवा सर्वांत तापलेली, म्हणून तिथे आवाज जलद, वर थोडा सावकाश. लाट नेहमी सावकाश बाजूला कलते, तेव्हा दुपारी ती आभाळाकडे वळते आणि काही शे मीटरवर उभ्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते. भर दुपारी शिवारात जी सामसूम वाटते, तिच्यात हा वाटा मोठा. हाक मारणारा मारत असतो. ती वर घिरट्या घालणाऱ्या घारीला पोचत असेल. पौषातल्या रात्री सगळं उलटं. जमीन गार, वरची हवा तिच्याहून उबदार, लाट खाली वाकते, आणि भुसावळकडे जाणाऱ्या मालगाडीचे डबे कोसावरच्या वावरात राखणीला बसलेल्याला मोजता येतात. ‘थंडीत गाडी जवळून जाते’ असं लोक म्हणतात. गाडी दुपारीही तेवढाच खडखडाट करत गेलेली असते.

एवढ्यात लाइट येते, कूलर घरघरतो, आणि मिनिटाभरात पुन्हा कुणाला ऐकू येत नाही.

उतारवयात कानातून आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, चार हजार हर्ट्झच्या पुढचे. हाक ऐकू येते, कोण बोलतंय तेही कळतं, पण ‘स’, ‘फ’ अशी बारीक व्यंजनं गळून पडतात. म्हणून ओरडून उपयोग नसतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलावं. हे घरातल्यांना हळूहळू जमतं. रातकिड्यांना कोण सांगणार? त्यांची किरकिर नेमकी चार-पाच हजारांच्या घरातली.

श्रावणातली रात्र असते. अंगणापलीकडे कापसाच्या वावरात किरकिर नुसती उसळत असते. ओट्यावर खाट टाकून बसलेली म्हातारी बराच वेळ कान देऊन बघते आणि म्हणते, “आता रातकिडे राहिले नाहीत पहिल्यासारखे.”

सून भाजी निवडता निवडता म्हणते, “हो ना आई, फवारण्यांनी मेले सगळे.”