वीस सीसी आणि एक दात

गाडीचे मालक आले तेच दुसऱ्या गॅरेजचं बिल फडकावत. ब्लॉक बोरिंग, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, टायमिंग बेल्ट किट, सगळं त्यात लिहिलेलं. "सीसी वाढवून घेतले मिस्त्री, तरी गाडी ओढत नाही. मेव्हण्याची हजार सीसीची गाडी चढाला मला मागे टाकते. आणि माझी सोळाशेची!"

"सीसी वाढवून घेतले" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बोरिंग ही दुरुस्ती आहे. सिलिंडर झिजून लंबगोल झाला की थोडा धातू काढून तो पुन्हा गोल करायचा, आणि भोक मोठं झालं म्हणून पिस्टन मोठा घालायचा, एवढंच. पण "तुमचं इंजिन झिजलं होतं" म्हटलं तर गिऱ्हाईक नाराज होतं, "मोठं केलं" म्हटलं की खुशीत पैसे देतं.

बिलाच्याच मागे आकडे मांडले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 79 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टन खाली-वर जातो ते अंतर, 81.4; सिलिंडर चार: 1596 सीसी. बोअर 79.5 केला की 1616. म्हणजे वाढ 20 सीसीची, जेमतेम सव्वा टक्का. इंजिन 100 हॉर्सपॉवरचं धरलं तर सगळं जमून आल्यावर एखादा हॉर्सपॉवर वाढणार, आणि तो गाडी चालवताना कोणाला कळायचा नाही. मालकांनी कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं.

चक्कर मारून आलो. 2,000 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेत असताना, गाडी मेलेली, 4,500 च्या पुढे मात्र बऱ्यापैकी ओढत होती. तिथेच मनात पाल चुकचुकली. आमच्या पोराने तोवर स्कॅनर लावून निकाल दिला होता: "बिघाडाचा कोड नाही, गाडी ओके." हल्लीच्या पोरांना स्कॅनर गप्प बसला की गाडी बरी वाटते. व्हॉल्व उघडणारा दांडा म्हणजे कॅम, तो टायमिंग बेल्टवर फिरतो. या इंजिनात एकच कॅम, चालताना त्याची वेळ आपोआप बदलणारं व्हेरिएबल टायमिंग नाही. कॅम थोडा मागे पडला तरी कंप्युटर तक्रार करेलच असं नाही.

मग जुनी हत्यारं काढली. इंजिन किती जोराने हवा ओढतं ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज आयडलला 15 इंचांवर, काटा अगदी स्थिर. 18 ते 20 हवं होतं. चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, घेतलं: चौघांतही 10 बारच्या आसपास. या इंजिनाला 13 यायला हवं. एका सिलिंडरात कमी असतं तर रिंग किंवा व्हॉल्ववर संशय घेतला असता. इथे चारही सारखेच खाली. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं, आकडा जवळजवळ हलला नाही, म्हणजे रिंगा संशयातून सुटल्या. हवा भरून गळती बघायची लीकडाउन चाचणीही चांगली, म्हणजे व्हॉल्वही निर्दोष. बोरिंगवाल्याचं काम नामी होतं, हे कबूल करायलाच हवं.

कव्हर उघडलं. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकच्या पुलीवरच्या खुणेवर मी भरवसा ठेवत नाही. बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असते, ती सरकते. डायल गेज लावून पहिला पिस्टन नेमका वर आणला, तर कॅमची खूण एक दात मागे. कॅमच्या पुलीला 40 दाते, एक दात म्हणजे कॅमचे 9 अंश आणि क्रँकचे दुप्पट, 18. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व तेवढा उशिरा मिटायचा, आणि पिस्टन वर येताना आत घेतलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवेच्या नळीत, ढकलायचा. फिटरने बेल्ट चढवताना ओढाच्या बाजूला ढील राहू दिली असणार. बेल्ट ताणणारा टेन्शनर दाबला की ती ढील निघते आणि कॅम मागे राहतो. म्हणून टेन्शनर दाबल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायच्या असतात. दोन मिनिटांचं काम, पण कंटाळा!

सीसी म्हणजे पिस्टनच्या खाली-वर जाण्यात मोकळी होणारी जागा. त्या जागेत हवा किती शिरली ते सीसी सांगत नाही. पिंप मोठं म्हणून भरलेलंच असेल असं थोडंच आहे? 4,000 आरपीएमला या इंजिनाने मिनिटाला 3,200 लिटर हवा घ्यायला हवी. पेट्रोल इंजेक्टर हवं तेवढं सोडेल, पण एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा लागते, आणि अडतं ते हवेपाशी. मेव्हण्याच्या गाडीत टर्बो होता, म्हणजे हवा दाबून भरलेली. फोर्डचं 999 सीसीचं तीन सिलिंडरचं इकोबूस्ट 1,400 आरपीएमपासून 170 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. साध्या सोळाशेला तेवढ्या खाली ते जमत नाही, टायमिंग अचूक असलं तरी. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे चढाला 1,500 वर कोण पुढे जाणार हे ठरलेलंच.

मालकांना आणखी एक उदाहरण दिलं. 1976 च्या कॅडिलॅक एल्डोराडोचं इंजिन 8.2 लिटरचं आणि पॉवर 190 हॉर्सपॉवर. होंडा एस 2000 चं 2 लिटरचं, टर्बो नाही, तरी 240. पण त्यासाठी ते 8,300 आरपीएमपर्यंत फिरायचं. ते हसून म्हणाले, "ते परदेशी इंजिन हो."

बेल्ट बसवला, दोन फेरे फिरवले, खुणा जुळल्या. कॉम्प्रेशन चौघांत 13. गाडी खालपासून ओढायला लागली. मालक चक्कर मारून आले ते खुशीत: "बघा, आता पिस्टन सेट झाले. वाढवलेले सीसी आता लागू पडले!" मी पुन्हा दाताचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि ती कशासाठी डोलावली ते मला कळलं.

पुढच्याच आठवड्यात त्यांचे एक स्नेही आले. त्यांनाही पिकअप हवा होता, म्हणून बोरिंग करून हवं होतं, "यांच्यासारखं". कॉम्प्रेशन घेतलं, चारही 13. इंजिनाला हात लावायची गरज नाही, एअर फिल्टर बदला आणि टायरची हवा बघा, असं सांगितलं. "तुम्हाला करायचं नसेल तर तसं सांगा," म्हणाले, आणि गाडी घेऊन गेले. कुठल्या तरी ब्लॉकचा चांगला धातू आता उगाच निघणार.